ठासणीची बंदूक आणि कमरेचे पिस्तूल

शस्त्र अधिनियम १९५९ चे तेरावे कलम कुणीतरी मावळातल्या टाकवे बुद्रुकच्या ग्रामपंचायतीबाहेरच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायला हवे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी कुणी ठासणीची बंदूक मागितली, तर परवाना अधिकाऱ्याने त्याला परवाना द्यायचा आहे, असे हे कलम सांगते. अधिकाऱ्याला द्यावासा वाटला तर नव्हे, द्यायचाच. ठासणीच्या बंदुकीने भागणार नाही असे दिसले, तर किमान वीस इंची नळीची साधी काडतुसाची बंदूकही देता येते. पिस्तूल, रिव्हॉल्व्हर यांची पाळी त्यानंतर येते आणि तिथे कायद्याचा सूर बदलतो. अर्जदाराला शस्त्र बाळगण्यास सबळ कारण आहे, अशी अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. अर्जदार अपात्र असेल किंवा सार्वजनिक सुरक्षिततेला धोका असेल, तर चौदाव्या कलमाखाली कुणालाही नकार देता येतो, तो भाग वेगळा. पण मूळ मांडणी स्वच्छ आहे. १९५९ च्या संसदेने शेतकऱ्याला पुढे बसवले आणि कमरेला पिस्तूल लावू पाहणाऱ्याला मागे.

मावळात फिरून पाहा, पंगत उलटी बसलेली दिसेल.

टाकव्यापासून पुढे वडेश्वर, कुसवली, खांडीकडे रस्ता चढत जातो, तो सगळा आंदर मावळ भाताचा. दसऱ्याच्या सुमारास भात पोटरीतून बाहेर पडला की रानडुकरांचे कळप उतरतात. डुक्कर खातो थोडे आणि लोळवतो फार. इंद्रायणी जातीच्या भाताचे उभे खाचर एका रात्रीत झोपते, आणि आडवा पडलेला भात चिखलात रुजून येतो, म्हणजे जो वाचला तोही गेला. राखण म्हणजे माळ्यावर बसून पत्र्याचा डबा बडवणे, मधूनच एखादा सुतळी बॉम्ब, हातात बॅटरी. ज्याला परवडते तो सोलरचे झटका मशीन लावतो. पार कावलेला माणूस मात्र रात्री खांबावरून चोरून तार सोडतो. त्या तारेला डुकराआधी शेजाऱ्याचा बैल लागतो, कधी शेजारीच. राज्यभर दर हंगामात अशा बातम्या येतात, आणि तार सोडणारा सदोष मनुष्यवधाच्या कलमाखाली आत जातो.

सरकारला हे ठाऊक नाही असे नाही. पिकांची नासधूस करणाऱ्या रानडुकरांना आणि रोह्यांना वनाधिकाऱ्याच्या परवानगीने मारता यावे, अशी सोय राज्य सरकारने २०१५ मध्ये केली. आता परवानगी घेतलेल्या शेतकऱ्याने डुक्कर मारायचे कशाने, हा प्रश्न वनखात्याचा नव्हे. तो जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेचा. मग तिकडची वाट धरायची. सातबारा, ओळखपत्र, प्रकृतीचा दाखला, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, ते घरात सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्र. मग वडगाव मावळ पोलीस ठाण्याकडून चारित्र्य पडताळणीचा अहवाल. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे पोलिसांनी तो तीस दिवसांत द्यायचा आणि तो मिळाल्यावर अधिकाऱ्याने साठ दिवसांत निर्णय करायचा. नियम चांगला आहे. कचेरीची पायरी चढलेला कुणीही त्यावर हसेल, पण नियम चांगला आहे.

नकार येतो तेव्हा त्याचा मजकूर बहुधा ठरलेला असतो: अर्जदाराच्या जीवितास धोका असल्याचे निदर्शनास येत नाही. हे वाक्य पिस्तुलाच्या अर्जावर शोभते. तिथे सबळ कारण तपासायचेच असते आणि जिवाचा धोका हे त्यातले मुख्य. पण राखणीच्या बंदुकीच्या अर्जावर त्याचा संबंध काय? धोका त्या माणसाच्या जिवाला नाहीच, त्याच्या भाताला आहे, आणि कायद्याने भाताला पुरेसे मानले आहे. दोन निरनिराळ्या खिडक्यांचे अर्ज एकाच शिक्क्याने परत करण्याची ही रीत न्यायालयात एक तारीख टिकू नये. ती टिकते, कारण न्यायालयात जातो कोण? आंदर मावळातल्या शेतकऱ्याने आधी पुण्यात विभागीय आयुक्तांकडे अपील करायचे, तिथे हरल्यास मुंबईला उच्च न्यायालयात रिट. कोल्हापूरला सर्किट बेंच झाले, पण पुणे जिल्हा त्यात नाही. रिटचा खर्च ठासणीच्या बंदुकीच्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त. म्हणून कायद्याने ज्याला सर्वांत भक्कम हक्क दिला त्याच्या नावाचा निकाल शोधायला जावे, तर हाताला क्वचितच काही लागते. निकाल सापडतात ते पिस्तूलवाल्यांचे. शस्त्र परवान्याचे आपले सगळे न्यायशास्त्र त्यांच्या वकिलांनी घडवले आहे.

पिस्तूलवाले वाढले कसे, हे मावळ-मुळशीच्या माणसाला सांगायला नको. द्रुतगती मार्ग आला, तळेगावची एमआयडीसी वाढली, टाकव्याच्या माळावर कारखान्यांच्या शेड उभ्या राहिल्या आणि भाताची जमीन गुंठ्यावर विकली जाऊ लागली. जमीन आली की एजंट आला, कब्जा आला, आणि मग पांढऱ्या गाडीत बसताना शर्ट वर सरकला की दिसेल असे काहीतरी कमरेला आले. शेजारच्या मुळशीतल्या धडवलीचे प्रकरण अवघ्या देशाने पाहिले. जून २०२३ मध्ये जमिनीच्या वादातून शेतकऱ्यांसमोर पिस्तूल नाचवल्याची चित्रफीत जुलै २०२४ मध्ये बाहेर आली. पिस्तूल परवान्याचे होते. ज्या बाईंच्या हातात ते दिसत होते, त्यांची मुलगी तेव्हा प्रशिक्षणार्थी सनदी अधिकारी होती आणि वादात सापडली होती. ती वादात सापडली नसती तर ती चित्रफीत कुणी पाहिली असती का, हा आमचा सवाल आहे. अटक झाली, परवान्यावर कारवाई झाली, हे खरे. पण एका वर्षाने. शेतकरी तक्रार सांगत होते तेव्हा नाही.

आता न्यायालये काय म्हणतात ते पाहू. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका जामीन अर्जाच्या निमित्ताने विनापरवाना शस्त्रांच्या सुळसुळाटाकडे आपणहून लक्ष वेधले. न्या. के. एम. जोसेफ आणि न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी तेव्हा स्पष्ट केले की, अमेरिकेच्या राज्यघटनेत शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे, आपल्या घटनेने तसा हक्क कुणालाही दिलेला नाही. हे बरोबरच आहे. पण तो दिलेला नाही म्हणजे कुणाला सुचलाच नव्हता असे नव्हे. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या सरकारने शस्त्रांचा कायदा आणला तो हिंदी माणसाला नि:शस्त्र करायला. गोऱ्यांना त्यातून सूट होती. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासून त्या कायद्याविरुद्ध ओरड होती. १९३१ च्या कराची ठरावात मूलभूत हक्कांच्या यादीत, नियमांच्या चौकटीत राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिलेला आहे. डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णू कामत यांनी तोच हक्क घटनेत घालावा म्हणून संविधान सभेत दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी ती मानली नाही. शस्त्र धरण्याच्या व्यक्तीच्या हक्कापेक्षा वेळ आल्यावर देशासाठी शस्त्र धरण्याच्या तिच्या कर्तव्यावर आग्रह धरायला हवा, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. दुरुस्ती पडली. म्हणजे हक्क राहून गेला नाही, चर्चा करून नाकारला गेला. आमच्या मते शहाणपणाने नाकारला गेला.

मात्र नागरिकाच्या हातातून शस्त्र काढून घेणाऱ्या राज्याने स्वतःच्या हातातल्या शस्त्राचा हिशेब दिला पाहिजे, हा या सौद्याचा दुसरा भाग. मावळात बंदूक म्हटले की लोकांना आधी आठवते ती सरकारचीच. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळाने पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघे मेले. त्यात एक स्त्री होती. चौकशी आयोग बसला, अहवाल आला, आणि दर क्रांतिदिनाला तिथे हार पडतात. परवान्याच्या बंदुकीची एक गोळी सुटली तर काडतुसांची वही तपासणाऱ्या व्यवस्थेने त्या दिवसाचा हिशेब त्याच काटेकोरपणे मांडला, असे मावळात कुणी म्हणताना ऐकिवात नाही.

हक्क नाही, हे एकदा ठरले की न्यायालयांचे काम संपायला हवे होते. ते तिथे सुरू होते. कारण हक्क नसला तरी कायदा आहे, आणि कायद्याने अधिकाऱ्यावर दोन बंधने घातली आहेत. नकाराची कारणे लिहून ठेवायची, आणि दिलेला परवाना काढून घ्यायचा तर सार्वजनिक शांतता किंवा सुरक्षितता यांच्यासारखा पाया दाखवायचा. अलाहाबाद उच्च न्यायालयात या विषयावर जितकी शाई खर्च झाली तितकी देशात कुठेच झाली नसेल. उत्तर प्रदेशात परवाना हा हुंड्याइतकाच प्रतिष्ठेचा विषय आहे. तिथे १९९३ मध्ये न्या. मार्कंडेय काटजू यांनी अल्मोड्याच्या एका प्रकरणात थेट सांगून टाकले होते की, स्वसंरक्षण हा जगण्याच्या हक्काचा भाग, म्हणून साध्या शस्त्राचा परवाना हाही एकविसाव्या कलमातून आलेला हक्क. पुढे त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने तो विचार पुसून टाकला. राहिले ते मधले सूत्र: परवाना ही सवलत आहे, पण सवलतही लहरीने नाकारता येत नाही. नुसता एखादा गुन्हा दाखल आहे एवढ्यावर परवाना रद्द होत नाही. दोन भावांच्या बांधावरच्या भांडणाने सार्वजनिक शांतता मोडत नाही. १९६६ च्या राम मनोहर लोहिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कायदा-सुव्यवस्था, सार्वजनिक सुव्यवस्था आणि राज्याची सुरक्षा अशी एकात एक तीन वर्तुळे आखून दिली, ती इथेही उपयोगी पडतात.

या सगळ्याचा अर्थ असा की न्यायालय बंदूक कुणाला द्यावी हे सांगत नाही, कागद नीट लिहिला का ते पाहते. कारण लिहिले नसेल तर आदेश रद्द, प्रकरण पुन्हा त्याच अधिकाऱ्याकडे. अधिकारी मग त्याच नकाराला दोन परिच्छेद जोडतो. यात न्यायालयाचा दोष काढणे अवघड आहे. गावातला कोण माणूस रागीट आणि कोण थंड, हे मुंबईत बसून कळत नाही.

अमेरिकेत नेमके उलट टोक आहे, आणि ते पाहण्यासारखे आहे. न्यूयॉर्क राज्यात शंभरहून अधिक वर्षे एक कायदा होता. घराबाहेर पिस्तूल घेऊन फिरायचे असेल तर योग्य कारण दाखवा. आपल्या तेराव्या कलमातले सबळ कारण ते हेच. २३ जून २०२२ रोजी ब्रूएन खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. हक्क आहे म्हटल्यावर कारण विचारणारे तुम्ही कोण, असा तो युक्तिवाद. शिवाय दंडक घातला की शस्त्रांवरचे कोणतेही बंधन अमेरिकेच्या ऐतिहासिक परंपरेत बसले पाहिजे. मग देशभरचे न्यायाधीश अठराव्या शतकातले कायदे उपसत बसले. जोडीदाराला मारहाण करतो म्हणून मनाई हुकूम निघालेल्या माणसाकडून बंदूक काढून घेता येते की नाही, हा साधा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जून २०२४ मध्ये रहीमी खटल्यात आठ विरुद्ध एक मतांनी, काढून घेता येते असे उत्तर आले. आपल्याकडे हा निर्णय वडगावचा पोलीस निरीक्षक एका अहवालात सुचवू शकतो. या बाबतीत आपण बरे आहोत. पण तिकडे निदान प्रत्येक बंधनाची कारणे उघड्यावर मांडली जातात. इकडे कोणाला कशासाठी मिळाला आणि कोणाला कशासाठी नाही, हे कळायला माहितीच्या अधिकारात अर्ज करावा लागतो किंवा एखादा खून व्हावा लागतो.

बीडमध्ये तेच झाले. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाल्यावर लोकांना समजले की त्या एका जिल्ह्यात हजाराहून अधिक शस्त्र परवाने आहेत. मग परवाने एकामागून एक रद्द होऊ लागले. ते देताना ज्या सबळ कारणांनी अधिकाऱ्यांची खात्री पटली होती, ती कारणे एका रात्रीत कुठे गेली?

मावळ तालुक्यात तर एकाच कायद्याच्या दोन खिडक्या आहेत. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय सुरू झाले आणि तळेगाव दाभाडे त्यात गेले. टाकवे, वडगाव, कामशेत, लोणावळा पुणे ग्रामीणमध्ये राहिले. त्यामुळे तळेगावकराचा अर्ज पोलीस आयुक्तांकडे आणि टाकवेकराचा जिल्हाधिकाऱ्यांकडे. मधले अंतर दुचाकीवर अर्ध्या तासाचे. फरक नुसता कचेरीचा नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या नकारावरचे अपील विभागीय आयुक्त ऐकतात, तोही एक अधिकारीच. पोलीस आयुक्तांच्या नकारावरचे अपील राज्य सरकारकडे जाते, म्हणजे प्रत्यक्षात मंत्र्यांच्या दालनात. त्या दालनात काय होऊ शकते ते ऑक्टोबर २०२५ मध्ये महाराष्ट्राने पाहिले. पुण्यातल्या एका कुख्यात टोळीप्रमुखाच्या भावाचा अर्ज पोलीस आयुक्तांनी फेटाळला होता. गृह राज्यमंत्री योगेश कदम यांनी अपिलात परवाना देण्याचा आदेश दिला. गदारोळ उठला. परवाना प्रत्यक्षात हातात पडला नाही, असा खुलासा झाला. मंत्र्यांचा बचाव होता की संबंधिताला न्यायालयाने निर्दोष सोडले आहे.

हा बचाव ऐकायला गोंडस आहे आणि कायद्याला धरून तो अगदीच टाकाऊ नाही. निर्दोष सुटलेला माणूस कायद्याच्या लेखी निर्दोषच. पण फौजदारी खटला आणि परवाना यांची मापे वेगळी आहेत. खटल्यात सरकारने गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करायचा असतो, कारण माणसाचे स्वातंत्र्य पणाला लागलेले असते. परवान्यात अर्जदाराने अधिकाऱ्याची खात्री पटवायची असते, कारण दुसऱ्यांचा जीव पणाला लागलेला असतो. साक्षीदार फितूर झाले म्हणून सुटलेल्या माणसाला तुरुंगात ठेवता येत नाही, हे न्यायाचे तत्त्व आहे. त्यालाच पिस्तूलही द्या, हे कुठले तत्त्व? हक्क नाही असे सर्वोच्च न्यायालय सांगते, त्याचा व्यवहारातला उपयोग नेमका इथे होता. तो केला गेला नाही. आणि तळेगावात या गोष्टी पुस्तकी नाहीत. १२ मे २०२३ रोजी तिथल्या नगरपरिषदेच्या आवारात भरदुपारी जनसेवा विकास समितीचे किशोर आवारे यांच्यावर गोळ्या झाडून आणि कोयत्याने वार करून त्यांना मारण्यात आले.

खुनांत वापरली जाणारी हत्यारे बहुतेकदा परवान्याची नसतात, गावठी कट्टे असतात, असे यावर कुणी म्हणेल. बरोबर आहे. मध्य प्रदेशातल्या उमर्टीच्या भट्ट्यांतून ती येतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलीस थेट तिथे जाऊन भट्ट्या मोडून आले. २०१९ च्या दुरुस्तीने शिक्षाही वाढल्या: विनापरवाना शस्त्र बाळगले तर किमान दोन आणि कमाल पाच वर्षे. एका माणसाकडे तीनाऐवजी दोनच शस्त्रे, लग्नात हवेत बार काढला तरी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखाचा दंड. पण शिक्षा वाढवणे सोपे आणि ती लावणे अवघड. कट्टा सापडला की न्यायालय विचारते, तो आरोपीच्या जाणीवपूर्वक ताब्यात होता का? १९९४ मध्ये संजय दत्तच्या प्रकरणात घटनापीठाने ताब्याचा हाच अर्थ पक्का केला. तो दहशतवादाच्या आरोपातून सुटला, पण शस्त्र कायद्याखाली त्याला येरवड्यात शिक्षा भोगावी लागली. मग पुढचे प्रश्न. जप्तीच्या जागी हत्याराला लाखेचे सील लागले होते का? प्रयोगशाळेत पोचले तेव्हा तेच सील शाबूत होते का? हत्यार चालते का? आणि एकोणचाळिसाव्या कलमाप्रमाणे खटला भरण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांची किंवा आयुक्तालय असेल तिथे आयुक्तांची मंजुरी घेतली होती का? दोन पंच, नेहमी चौकीच्या आसपासच सापडणारे, साक्षीच्या दिवशी म्हणतात की कोऱ्या कागदावर सही घेतली. कट्टा खरा, आरोपी खरा, खटला खोटा ठरतो. इथे न्यायालयांना बोल लावण्यात अर्थ नाही. सील न लावणाऱ्याला लावावा.

निवडणूक लागली की आणखी एक गंमत होते. आचारसंहितेबरोबर परवान्याची शस्त्रे जमा करण्याचे हुकूम निघतात. पूर्वी ते सरसकट निघत. २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका परवानाधारकाच्या याचिकेवर सांगितले की असे सगळ्यांना एकाच दावणीला बांधता येणार नाही, प्रत्येकाचा विचार स्वतंत्रपणे झाला पाहिजे. त्यानंतर निवडणूक आयोगाने छाननी समित्यांची पद्धत घातली. जामिनावर असलेले, गुन्ह्यांचा इतिहास असलेले, दंगलीत सापडलेले यांची शस्त्रे आधी जमा करायची. निकाल नेमका आणि शहाणा होता. व्यवहारात काय होते ते सिंधुदुर्गातल्या बागायतदाराला विचारा. तिकडे शेतीसंरक्षणाचे परवाने पूर्वापार आहेत, आणि ऐन हंगामात बंदूक पोलीस ठाण्यात आणि माकडे-डुकरे बागेत, ही तक्रार तिथे प्रत्येक निवडणुकीला होते. समितीने नावे तपासायची, तर आधी फाइली वाचाव्या लागतात. त्यापेक्षा सगळ्यांना नोटीस सोपी. ठासणीची बंदूक घेऊन कुणी मतदान केंद्र ताब्यात घेतल्याचे ऐकले आहे का? ती एकदा वाजवली की पुन्हा दारू ठासून भरेपर्यंत मतदार घरी जाऊन चहा पिऊन येईल.

कर्नाटकातल्या कोडगूत कोडवा समाजाला आणि तिथल्या जम्मा जमीनधारकांना ब्रिटिश काळापासून परवान्यातून सूट आहे. ती सूट समतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे म्हणून आव्हान दिले गेले, ते २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने फेटाळले. परंपरा, जमिनीशी नाते आणि कालमर्यादा यांचा विचार करून ही सूट वाजवी ठरली. केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवलेली आहे. मावळ्यांचा वारसा सांगून मावळालाही अशी सूट मागावी, अशी कल्पना एखाद्या पुढाऱ्याला सुचण्याआधीच सांगतो, ती नको. मावळात आज सूट मिळाली तर तिचा पहिला लाभार्थी शेतकरी नसेल.

आंदर मावळातल्या शेतकऱ्याला सूट लागत नाही, नवा हक्क लागत नाही, उच्च न्यायालयाचा निकालही लागत नाही. त्याच्यासाठी लागणारे सगळे १९५९ पासून छापलेले आहे. राखणीच्या बंदुकीचे अर्ज पिस्तुलाच्या अर्जांपासून वेगळे काढा, त्यांना जिवाच्या धोक्याचा प्रश्न विचारू नका, डुकरांच्या नुकसानीचे वनखात्याचे पंचनामे हाच पुरावा माना. आणि पोलीस ठाण्याचा अहवाल मुदतीत आलाच नाही, तर त्याच्याशिवाय निर्णय घेण्याची मुभा तेराव्या कलमाने जिल्हाधिकाऱ्यांना दिलेली आहे. ती वापरायला कुणाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. भात पोटरीत येण्याआधी, श्रावणातच हे अर्ज निकाली काढता येतील.